साहेब पक्षकाराला भेटत नाहीत

आमच्या साहेबांनी पंचवीस वर्षांत एकाही पक्षकाराचं तोंड पाहिलेलं नाही, आणि हे ते लपवत नाहीत, चारचौघांत सांगत सुटतात. अ‍ॅडव्होकेट आनंदराव घोरमाडे, उच्च न्यायालय, नागपूर खंडपीठ. पाटीवर त्याखाली ठळक अक्षरांत ‘फक्त अपिले’. खानावळीच्या पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ मधलं ‘शुद्ध’ जसं असतं, तसं आमच्याकडे ते ‘फक्त’ आहे.

मनीषनगरातल्या आमच्या ऑफिसला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पक्षकार, रुपरावजी मुन्शी आणि मी. आतल्या खोलीत साहेब आणि कायदा. मधल्या दाराला कडी आहे, पण ती आतून. पक्षकाराने हट्टच धरला तर रुपरावजी हात जोडून सांगतात की साहेब वाचत आहेत, आणि ते खोटंही नसतं. साहेब खरोखर वाचतच असतात. खालच्या कोर्टाचा निकाल, जबान्या, दस्त, सगळं बांधून जे जाडजूड पेपरबुक होतं, ते ते तीन-तीनदा वाचतात, पेन्सिलीने खुणा करतात आणि अधूनमधून खूश होऊन स्वतःशी हसतात. ज्याची जमीन गेलेली असते तो त्या वेळी भिंतीपलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो.

याला साहेब पद्धत म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की माणूस समोर बसला की तो रडतो, तो रडला की वकिलाला त्याची बाजू खरी वाटू लागते, आणि एकदा खरी वाटली की मुद्दे सुचायचे थांबतात. अपील माणसाचं नसतंच, निकालाचं असतं. निकाल चुकला का, एवढंच पाहायचं. माणसाचं काय चुकलं ते पाहायला देव आहे.

ही पद्धत त्यांना कशी सापडली, याची अधिकृत हकिगत अशी की खालच्या कोर्टात त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटत होती. अनधिकृत हकिगत सावनेर कोर्टातला चहावाला सांगतो. वकिलीच्या पहिल्याच वर्षी साहेबांनी संत्र्याच्या चोरीतल्या एका आरोपीचा बचाव घेतला होता. साक्षीदार कांताबाई नावाची म्हातारी. एवढ्या लांबून, तेही तिन्हीसांजेला, तुम्ही माणूस ओळखला म्हणता, मग मला ओळखून दाखवा, मी कोण, असं साहेबांनी तिला ऐटीत विचारलं. म्हातारी म्हणाली, “तुले काहून नाई वळखत? तू घोरमाडे मास्तराचा आनंदा. लहानपणी आमच्या वाडीतले संत्रे घेऊन पयाला, तवाबी म्या एवढ्याच दुरून वळखलं होतं.” न्यायाधीशांना हसू आवरायला पाणी प्यावं लागलं. आरोपीला शिक्षा झाली आणि साहेब पुढच्या महिन्यापासून फक्त अपिलं घेऊ लागले. जो साक्षीदार कागदात झोपलेला असतो तो उलट बोलत नाही.

आता माझ्याविषयी. मी मयुरा काकडे, सहा वर्षांपासून साहेबांची ज्युनिअर. आतल्या खोलीत जे यायला नको ते सगळं माझ्याकडे येतं. पक्षकाराचं ऐकायचं, त्यातलं रडणं बाहेर ठेवायचं आणि तारखा तेवढ्या आत न्यायच्या, हे माझं काम. मी ते चांगलं करते. सहा वर्षांत मी इतकी तयार झाले की एखादी बाई मुलगा कसा वारला ते सांगत असताना मी मनात वारसदारांचा क्रम लावत असते.

सुभद्रा मावशी माझ्याकडे आली तेव्हा मी ऑफिसला नवीनच होते आणि तिचं अपील तीन वर्षांचं जुनं होतं. सावनेरजवळच्या एका गावची. नवरा गेल्यावर माहेरी परतली. बापाने वावराच्या कडेला दोन खोल्या बांधून दिल्या. बाप गेला आणि भाऊ कवडू म्हणाला, बहिणीचा हिस्सा नाही. हिने दावा लावला. सावनेरच्या कोर्टाने हिस्सा दिला. कवडू जिल्हा न्यायालयात अपिलात गेला आणि तिथे त्याने पहिल्यांदाच एक हक्कसोडपत्र काढलं: बहिणीने आपला हिस्सा भावाला खुशीने सोडला, खाली बहिणीचा अंगठा. न्यायाधीशांनी तो कागद ठेवून घेतला, त्यावर हिला एक शब्द बोलू दिला नाही आणि निकाल फिरवला. हिस्सा गेला, वर घर खाली करा असा हुकूम. त्यावर उच्च न्यायालयात दुसरं अपील आमचं. अपील सुरू असेपर्यंत घराला हात लावायचा नाही, एवढी स्थगिती मिळाली होती. तिचं सगळं त्या दोन खोल्यांवर टांगलेलं होतं. हिस्सा मिळाला तर बरंच, पण मरेपर्यंत त्या घरातून कोणी उठवू नये, एवढंच ती दर वेळी सांगायची.

एका मे महिन्यात कूलरसमोर बसून तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. “अंगठा असंन बी मायाच, वं. राखीले भावानं कागद समोर केला तं कोन वाचत बसते? साडी देल्ली होती त्यानं त्या वर्षी.” आमच्याकडच्या अर्ध्या बहिणींचे हिस्से असेच राखीच्या ताटाशेजारी गेलेले आहेत. मी हे आत जाऊन सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता. दुसऱ्या अपिलात फक्त कायद्याचा प्रश्न बघतात. खरं काय घडलं हा विषय खालीच संपलेला असतो. अंगठा कोणाचा, यात साहेबांना रस नव्हता. ऐनवेळी आलेला कागद समोरच्याला उत्तराची संधी न देता वाचता येतो का, या प्रश्नावर मात्र ते फिदा होते. एखाद्याने नात्यातली सुंदर मुलगी दाखवावी तसे ते इतर वकिलांना बार रूममध्ये हा प्रश्न दाखवायचे.

फिदा व्हायला आणखी एक कारण होतं. साहेबांना सिनिअरचा गाऊन, म्हणजे उच्च न्यायालय देतं तो ज्येष्ठ वकिलाचा मान, हवा होता. तो मागायचा तर अर्जासोबत आपण लढवलेले, कायद्याच्या जर्नलमध्ये छापून आलेले निकाल जोडायचे असतात. साहेबांकडे चौदा होते. त्यातले सहा इतके किरकोळ की ते छापणाऱ्यालाही त्या महिन्यात जागा भरायची असावी. पंधरावा वजनदार हवा होता, आणि तो सुभद्राबाईच्या फायलीत होता.

अपील सुनावणीच्या बोर्डावर आलं त्याच्या आदल्या महिन्यात, जानेवारीत, एका शनिवारी सुभद्रा मावशी आली ती कवडूला घेऊनच. वादी आणि प्रतिवादी सावनेरहून एकाच एसटीने आले आणि आमच्या बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलू लागले. रुपरावजींच्या मुन्शीगिरीच्या चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. कवडूच्या छातीत कफ वाजत होता. त्याने खिशातून एक कागद काढला, ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवाल्याकडून टाइप करून आणलेला. घर आणि विहिरीकडची दीड एकर बहिणीची, बाकी भावाची, दोघांचा वाद संपला. त्याचा मुलगा रजत प्लॉटवाल्यांना वावर दाखवत फिरत होता, हे त्याने आपणहून सांगितलं. “मी हावो तोवर करून घ्या, म्याडम. माया मांगं पोट्टं कोनाचं आयकनार नाई.”

मी कागद घेऊन आत गेले. साहेबांनी तो दोन बोटांनी धरून वाचला आणि परत दिला. तडजोड ही खालच्या कोर्टाची सवय आहे, असं म्हणाले. मी म्हटलं, सर, तिला हवं ते सगळं यात आहे. तेव्हा त्यांनी चष्मा काढला, आणि ते चष्मा काढतात तेव्हा तत्त्व सांगतात.

“मयुरा, प्रश्न दाखल झाला त्या दिवशी तो तिचा राहिला नाही. तो कायद्याचा झाला. एका दीड एकरासाठी तू कायद्याला उत्तरावाचून ठेवणार?”

मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की निकाल छापून येईल तेव्हा त्यांच्या नावापुढे माझंही येईल, ‘सोबत अ‍ॅड. मयुरा काकडे’. सहा वर्षांत माझं नाव कधी छापून आलं नव्हतं. लग्नपत्रिकेवरसुद्धा नाही, कारण लग्नच नाही. हे मी गमतीत सांगते आहे, पण त्या दिवशी मला गंमत वाटली नव्हती, आनंद झाला होता. तो लपवून मी बाहेर आले आणि दोघांना म्हटलं, साहेब म्हणतात जिंकणारी केस आहे, जरा थांबा.

मावशीने एवढंच विचारलं, “साह्यबच म्हनते का तूबी म्हनतं?” मी म्हटलं, मीही म्हणते. उरलेल्या शेंगा माझ्या टेबलावर ठेवून दोघं बसस्टँडकडे गेले. कागद माझ्या फायलीत राहिला. रुपरावजी बराच वेळ स्टेपलरशी खेळत होते. नंतर म्हणाले, “म्याडम, ठरवनं त्याइच्या हाती असते, हे त्याइले कोनी सांगतलंच नाई.” मी म्हटलं, सांगते. आणि फायलीला दोरी बांधली.

फेब्रुवारीत सुनावणी झाली. साहेब उभे राहिले आणि, खोटं कशाला बोलू, सुरेख बोलले. एक वाक्य जास्त नाही, एक निवाडा कमी नाही. न्यायमूर्ती ऐकत होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की भाऊ-बहीण आहेत, दोघं म्हातारे आहेत, तडजोडीची काही शक्यता आहे का. समोरच्या वकिलाने आपला ज्युनिअर पाठवला होता, तो म्हणाला, विचारून सांगतो. साहेब म्हणाले, “माय लॉर्ड, मला तशा सूचना नाहीत.” आणि रीतीप्रमाणे मागे वळून माझ्याकडे पाहिलं. वरिष्ठ असं वळतो तेव्हा ज्युनिअरने मान हलवायची असते, होकाराची किंवा नकाराची. कोर्ट त्यावर विश्वास ठेवतं. तो टाइप केलेला कागद माझ्या मांडीवरच्या फायलीत, वरून चौथा होता. मी मान नकाराची हलवली.

निकाल राखून ठेवला गेला. एप्रिलमध्ये कवडू वारला. मी हे आत सांगितलं तेव्हा साहेब क्षणभर दचकले, मग पुस्तक उघडून त्यांनी मला दाखवलं की युक्तिवाद संपल्यानंतर पक्षकार मेला तर निकालाला बाधा येत नाही. तसा नियमच आहे. त्यांचा जीव भांड्यात पडला.

जूनमध्ये आम्ही जिंकलो. जिंकलो म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण ते सुभद्रा मावशीलाही नीट कळलं नाही. उच्च न्यायालयाने म्हटलं की तो कागद असा वाचायला नको होता. त्यावर दोन्ही बाजूंचा पुरावा घ्यायला हवा होता. म्हणून जिल्हा न्यायालयाचा निकाल रद्द. सावनेरचाही रद्द, कारण आता सगळंच नव्याने. प्रकरण सावनेरच्या कोर्टात परत. तिथे अंगठा कोणाचा यावर साक्षी होतील आणि मग पहिल्यापासून निर्णय. वीस वर्षं सापशिडी खेळून ती पुन्हा एकच्या घरात आली होती, आणि पुढच्या घरात तिचाच अंगठा तिची वाट पाहत होता. साहेबांनी संत्रा बर्फी मागवली.

सप्टेंबरमध्ये जर्नल आलं. निकालाचं सार पाच ओळींत, वर सुभद्राबाईचं नाव, खाली साहेबांचं आणि त्यापुढे माझं. मी त्याचा फोटो काढून दिवसभर स्टेटसला ठेवला. मामीने अंगठा पाठवला. तिकडे साहेबांना गाऊन मिळाला. रुपरावजींनी मला दोनदा आठवण करून दिली की अपील संपलं, स्थगितीही संपली, त्या बाईला सावनेरला वकील लावून द्या, नवा मनाई हुकूम घ्यायला सांगा. मी म्हटलं, सत्कार होऊन जाऊ द्या. पक्षकाराला पुढचं सांगायचं काम कोणाचं, हे आमच्या ऑफिसात कधी ठरलेलंच नव्हतं. अपील संपलं की पक्षकार संपतो.

सत्कार सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात थाटात झाला. परिचय मी लिहिला होता, दोन पानं: व्यावसायिक वाटचाल आणि कार्यपद्धती. ‘सावनेरपासून सुरू झालेला प्रवास’ असं एक वाक्य टाकलं होतं, ते साहेबांनी काढायला लावलं. ‘घोरमाडे साहेब पक्षकारात गुंतत नाहीत, प्रश्नात गुंततात,’ हे वाक्य मी माइकवरून वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. उत्तराच्या भाषणात साहेब नम्रपणे म्हणाले की सिनिअर वकिलाला आता नियमाप्रमाणे पक्षकाराशी थेट बोलता येत नाही, याचं त्यांना वाईट वाटतं. पंचवीस वर्षं जे सवयीने केलं त्याला सरकारी मान्यता मिळाली होती. पुढच्या रांगेतला एक जण तर डोळे पुसत होता.

दिवाळीची सुट्टी संपून ऑफिस उघडलं त्या सोमवारी सुभद्रा मावशी माझ्या आधी येऊन बसली होती. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, त्यात दोन लुगडी आणि देवाचा टाक. रजतने भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी आणला होता. कोर्टं बंद. दोन खोल्या पडायला अर्धा तास लागला म्हणे. पोलिसांनी सांगितलं, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. ती गावातल्या देवळात तीन रात्री राहिली आणि मग आमच्याकडे आली, कारण तिच्या हिशेबाने ती केस जिंकली होती.

“त्या निकालात घराचं काय लिवलं ते वाचून दाखव,” ती म्हणाली. “रजतले दाखवतो.”

मी जर्नल काढलं. सतरा पानं होती. मला ती पाठ होती, तरी मी पहिल्यापासून बोट फिरवत गेले. पुरावा होता, संधी होती, नैसर्गिक न्याय चार वेळा होता. घर कुठेच नव्हतं. आमच्या युक्तिवादातच ते नव्हतं, तर निकालात कुठून येणार? मी पुस्तक मिटलं आणि मला काय झालं कोण जाणे, मी साहेबांवर घसरले. दाराकडे हात करून, आत ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांना गाऊन हवा होता, मावशी, म्हणून तुमची तडजोड होऊ दिली नाही. तुमचं घर त्यांनी अर्जाला जोडलं. हा माणूस दगड आहे. हे सगळं खरं होतं, आणि बोलताना मला फार हलकं वाटत होतं.

तिने मला पुरतं बोलू दिलं.

“त्याइले काहून बोलून राहिली?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “त्याइनं तं मले कधी पाह्यलंच नाई. तुनं पाह्यलं होतं.”

रुपरावजींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि ते माझ्याकडे न बघता आपल्या जागेवर गेले. मला लाज वाटली, आणि ती लाज घालवायची मला घाई झाली. मी कपाटातून कोरं वकीलपत्र काढलं. सावनेरला मी स्वतः उभी राहते म्हटलं, आजच अर्ज लिहिते, अंगठ्याचा पुरावाही मीच चालवते, साहेबांना विचारायचं नाही. वकीलपत्रावर तिचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि वकिलाच्या जागी माझं नाव मोठ्या अक्षरांत.

ती माझं लिहिणं बघत होती. मग तिने विचारलं, “तेथचं काम केलं हाय तू कधी? साक्षीदाराले इचाराचं वगैरे?”

मी खोटं बोलू शकले असते. त्या टेबलावर मी सहा वर्षं दुसरं काय करत होते? पण या वेळी जमलं नाही. मी म्हटलं, नाही मावशी, एकदाही नाही.

“मंग राहू दे,” ती म्हणाली, आणि पिशवी उचलून सावनेरच्या बसची वेळ तिने रुपरावजींना विचारली.